दोनदा न्याय कशासाठी? आणि शुद्धिस्थानातले दिवस मोजतं कोण?

पानवाचक

कॅथलिक शिकवणुकीतलं मरणोत्तर न्यायाचं प्रकरण नीट समजून घ्यायचा प्रयत्न चाललाय आणि चार ठिकाणी गाडी अडलीय. मी कॅथलिक नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

१) माणूस मेला की लगेच त्याचा न्याय होतो असं वाचलं. जगाच्या शेवटी सगळ्यांचा न्याय होणार असंही वाचलं. एकदा निकाल लागला तर दुसऱ्यांदा सुनावणी कसली? अपिलाची सोय आहे का?

२) पाप-पुण्याचा हिशेब होत असेल तर ५१ टक्के पुण्यवाला स्वर्गात आणि ४९ टक्केवाला कायमचा नरकात, असं आहे का? हे काही पटत नाही.

३) शुद्धिस्थान, म्हणजे परगेटरी, हा सौम्य नरक का? जुन्या प्रार्थनापुस्तकांत प्रार्थनेखाली ‘३०० दिवस’ असं छापलेलं असतं. म्हणजे तिथली शिक्षा ३०० दिवसांनी कमी?

४) मृतांसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि नोव्हेंबरमधली दंडमाफी (इन्डल्जन्स, म्हणजे क्षमा झालेल्या पापाची उरलेली शिक्षा माफ होणं) यांचे नेमके नियम काय? ‘श्रद्धेने करा’ एवढंच सगळीकडे लिहिलंय. मला पायऱ्या हव्यात.

दीपमाळ

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरी गाठ तिथेच आहे.

तराजू आधी डोक्यातून काढा. तो चित्रांतून आलाय. फ्रान्समधल्या बोन गावच्या जुन्या इस्पितळात रोगिअर व्हान डर वेडन यांनी पंधराव्या शतकात रंगवलेला अंतिम न्याय आहे. मधोमध देवदूत मिखाएल तराजू धरून उभा, दोन पारड्यांत दोन इवलीशी उघडी माणसं, आणि ‘सद्गुण’ व ‘पापं’ अशी लॅटिन अक्षरं. चित्र अप्रतिमच, पण त्यावरून धर्मशिकवण काढायला गेलात की फसलात. चर्च टक्केवारी मांडत नाही. मरताना माणूस कृपावस्थेत होता की नव्हता, एवढाच प्रश्न. देवाशी असलेलं नातं जिवंत होतं, की त्याने स्वतःच्या हाताने तोडलेलं होतं?

हे नातं तोडणाऱ्या पापाला घातक पाप म्हणतात आणि त्याच्या तीन अटी आहेत. बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि कृत्य पूर्ण राजीखुशीने केलेलं हवं. तिन्ही एकत्र लागतात. भीती, दबाव, जडलेलं व्यसन, मानसिक आजार यांनी दुसरी किंवा तिसरी अट ढिली पडते, मग बाब कितीही गंभीर असो. उरतात ती लघुपापं, आणि त्यांची कितीही बेरीज केली तरी एक घातक पाप होत नाही. (सवय मात्र माणसाला हळूहळू तिकडे सरकवते, म्हणून लघुपाप क्षुल्लक समजायचं नाही.) उलट बाजूही तितकीच खरी: चाळीस वर्षांचं दानधर्माचं खातं दाखवून आज पश्चात्तापाविना बाळगलेलं घातक पाप वळतं करता येत नाही. आणि देवावरच्या प्रेमापोटी झालेला खरा पश्चात्ताप, शक्य होताच पापनिवेदन (फादरांपुढे पापाची कबुली) करायच्या निश्चयासह, अखेरच्या क्षणीही नातं पुन्हा जोडतो. क्रुसावरच्या गुन्हेगाराला येशू ‘आज’ म्हणतो, लूक २३:४३. त्या माणसाकडे दाखवायला पुण्य म्हणून काय होतं?

आता पहिला प्रश्न. एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत वापरू. एकाने शेजाऱ्याबद्दल खोटी कंडी पिकवली. शेजाऱ्याची अब्रू गेली, नोकरी गेली. पुढे याला पश्चात्ताप झाला, पापनिवेदन झालं, क्षमा मिळाली. दोष मिटला. पण दोन गोष्टी उरल्या. एक त्याच्या आत: दुसऱ्याला खाली ओढण्यात वाटणारी गोडी. दुसरी बाहेर: ती कंडी अजून फिरतेच आहे, शेजाऱ्याची मुलं तिचे परिणाम भोगताहेत.

हा माणूस मेला की त्याच क्षणी त्याचा व्यक्तिगत न्याय होतो. तो देवाच्या बाजूने मेला, म्हणून निकाल तारणाचा. आत उरलेली गोडी जाईपर्यंत शुद्धीकरण, मग देवाचं समोरासमोर दर्शन. आत काहीच उरलेलं नसेल तर थेट स्वर्ग, आणि नातं तोडलेल्या अवस्थेत मेला असता तर नरक. चौथी वाट नाही, परत जन्म नाही (इब्री ९:२७), आणि अपील तर नाहीच नाही.

पण कंडी पिकवणाऱ्याच्या मरणाने कंडी थांबत नाही. तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी दुसऱ्या न्यायाचं कारण इथेच शोधलं. माणूस मेल्यावरही मुलाबाळांत, लोकांच्या आठवणीत, आपल्या कामाच्या परिणामांत चालू राहतो. त्यांनी उदाहरण दिलं एरियसचं, म्हणजे चौथ्या शतकात ख्रिस्ताचं पूर्ण देवपण नाकारणाऱ्या धर्मगुरूचं: त्याच्या चुकीच्या शिकवणुकीची फळं जगाच्या अंतापर्यंत येत राहणार. तेव्हा सगळे परिणाम पुरे झाल्याखेरीज संपूर्ण न्याय दिसू शकत नाही. अंतिम न्यायात निकाल बदलत नाही, तो सगळ्यांसमोर उघड होतो. ज्याची अब्रू गेली त्या शेजाऱ्याचा न्याय खऱ्या अर्थाने तिथे होतो, आणि पुनरुत्थान झालेल्या देहासह होतो. कारण पाप आणि प्रेम दोन्ही माणसाने देहानेच केलेली असतात. मत्तय २५:३१-४६ वाचा. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, तुरुंगातल्याची भेट, सगळी कृत्यं हातापायांची आहेत.

हे दोन न्याय वेगळे ठेवायला चर्चलाही बरीच झटापट करावी लागली. १३३१ च्या सर्वसंतांच्या सणाला आव्हिन्यों इथे (आजच्या फ्रान्समधलं, तेव्हाचं पोपचं ठिकाण) पोप बावीसावे जॉन यांनी प्रवचनात मांडलं की संतांनाही देवाचं पूर्ण दर्शन अंतिम न्यायानंतरच होईल, तोवर त्यांचे आत्मे वेदीखाली विसावलेले असतात. खळबळ उडाली. पॅरिसच्या धर्मपंडितांनी खुद्द पोपना विरोध केला. ते धर्मसिद्धान्त म्हणून नव्हे, व्यक्तिगत मत म्हणून बोलत होते, आणि १३३४ च्या डिसेंबरात मरणाच्या आदल्या दिवशी त्यांनी ते मत मागे घेतलं. त्यांच्यानंतरचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी २९ जानेवारी १३३६ ला कायमचा निर्वाळा दिला: शुद्ध आत्म्यांना मरणानंतर लगेच, शुद्धी बाकी असेल तर ती झाल्यावर लगेच, देवाचं दर्शन होतं; अंतिम न्यायाची वाट पाहावी लागत नाही.

शाईचा_डाग

वरच्या उत्तराला एक पुरवणी, तिसऱ्या प्रश्नावर. शुद्धिस्थान म्हणजे सौम्य नरक नव्हे, आणि दुसरी संधीही नव्हे. तिथला प्रत्येक आत्मा तारलेलाच आहे, वाट एकाच दिशेची आहे. ज्याने नातं तोडलं त्याला तिथे पाठवून दुरुस्त करत नाहीत. मराठीत ‘स्थान’ म्हटल्यामुळे लगेच डोळ्यांसमोर जागा येते, तिथेच अर्धा घोळ होतो. ती अवस्था आहे.

कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये बंधनकारक म्हणून दोनच गोष्टी सांगितल्या: शुद्धिस्थान आहे, आणि तिथल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनांची, विशेषतः मिस्साची, मदत होते. आगीचं तापमान नाही, मुदत नाही, पत्ता नाही. उलट अवघड कीस काढणारी चर्चा साध्या लोकांपुढे करू नका आणि कुतूहल, अंधश्रद्धा किंवा पैशाचा वास येणारं काही चालू देऊ नका, अशी बिशपांना ताकीद दिली. आगीबद्दल पाश्चात्य परंपरा भरपूर बोलते, पण पूर्वेकडच्या चर्चला ती मान्य नव्हती, म्हणून १४३९ च्या फ्लॉरेन्सच्या परिषदेच्या ठरावात ‘शुद्ध करणाऱ्या शिक्षा’ एवढेच शब्द आहेत, आग नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या परिपत्रकात काही आधुनिक धर्मशास्त्रज्ञांचं मत आपलंसं करून मांडलं: जाळणारी आणि वाचवणारी ती आग म्हणजे कदाचित ख्रिस्ताची भेटच, आणि त्या क्षणाचा ‘कालावधी’ आपल्या घड्याळाने मोजता येत नाही.

बायबलमधला आधार विचाराल तर दुसरे मक्काबी १२. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडतात. त्यांचा सेनापती यहूदा माणसांकडून दोन हजार चांदीचे द्राख्मा गोळा करून पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवतो. मेलेल्यांसाठी. प्रोटेस्टंट बायबलमध्ये हा ग्रंथ नसतो, त्यामुळे त्या मित्रांशी वाद घालताना तो पुढे करण्यात अर्थ नाही. त्यांच्याशी १ करिंथकरांस ३:१५ वरून बोला, ‘जणू अग्नीतून’ वाचणं.

तिसरी_घंटा

चौथा प्रश्न माझा. आधी ‘३०० दिवस’ निकालात काढतो.

ते दिवस शुद्धिस्थानातले कधीच नव्हते. आरंभीच्या शतकांत गंभीर पापासाठी जाहीर प्रायश्चित्त असे, ठरावीक दिवस, महिने, वर्षं. ‘३०० दिवसांची दंडमाफी’ म्हणजे त्या जुन्या पद्धतीत ३०० दिवस प्रायश्चित्त करून जेवढं हलकं झालं असतं तेवढं. वाचणाऱ्याने ते कैदेतली सूट म्हणून वाचलं. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये दिवस आणि वर्षं काढूनच टाकली. आता दोनच प्रकार: संपूर्ण आणि आंशिक. जुन्या पुस्तकातली प्रार्थना खुशाल म्हणा, आकडा सोडून द्या.

दंडमाफी पापाची क्षमा देत नाही, हेही स्पष्ट असू द्या. दीपमाळ यांच्या उदाहरणात दोष पापनिवेदनात मिटला. दंडमाफी आत उरलेल्या त्या गोडीसाठी आहे. आणि ती विकत मिळत नाही. पैशाशी जोडलेल्या सगळ्या दंडमाफ्या पोप पाचवे पायस यांनी १५६७ मध्ये रद्द केल्या. ल्यूथरने १५१७ मध्ये दंडमाफीच्या विक्रीविरुद्ध आवाज उठवल्यानंतर पन्नास वर्षांनी, म्हणजे जरा उशीरच.

नोव्हेंबरचे नियम. १ ते ८ नोव्हेंबर या आठ दिवसांत दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करायची, मनातल्या मनात केली तरी चालते. रोज एक संपूर्ण दंडमाफी, आणि ती फक्त शुद्धिस्थानातल्या आत्म्यांनाच लावता येते. वर्षभरात इतर दिवशी हेच केलं तर आंशिक. याशिवाय २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या दिवशी, चर्चमध्ये जाऊन ‘हे आमच्या पित्या’ आणि विश्वासांगीकार (श्रद्धेचा कबुलीपाठ) म्हटला की संपूर्ण दंडमाफी, तीही मृतांसाठीच.

त्या कृतीसोबत लागतं ते असं: पापनिवेदन, कम्युनियन (मिस्सात ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी भाकर घेणं), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना (एक ‘हे आमच्या पित्या’ आणि एक ‘नमो मरिये’ पुरते), आणि कोणत्याही पापाविषयी, लघुपापाविषयीसुद्धा, मनात ओढ नसणं. शिवाय काम संपेपर्यंत तरी तुम्ही कृपावस्थेत हवे.

हिशेब इथे चुकतो: एक पापनिवेदन अनेक दंडमाफ्यांना पुरतं, पण कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठीची प्रार्थना प्रत्येकीला स्वतंत्र लागते. आठही दिवस करायचे असतील तर एक पापनिवेदन, आठ कम्युनियन, आठ वेळा ती प्रार्थना. पापनिवेदन त्याच दिवशी हवं असं नाही. साधारण वीस दिवस आधी किंवा नंतर चालतं. कम्युनियन आणि प्रार्थना मात्र त्याच दिवशी केलेली बरी. आणि दिवसाला संपूर्ण दंडमाफी एकच. २ तारखेला सकाळी चर्च आणि संध्याकाळी दफनभूमी केली म्हणून दोन होत नाहीत. अपवाद फक्त मरणघटकेचा.

बहुतेकांचं अडतं ते ‘ओढ नसणं’ या अटीवर. अमुक एक लघुपाप मी सोडणार नाही असं मनात कुठेतरी धरून ठेवलेलं असेल तर अट तुटते. हातून पुन्हा पाप होईल ही भीती किंवा शक्यता म्हणजे ओढ नव्हे. अट पुरी झाली नाही तरी सगळं फुकट जात नाही, दंडमाफी आंशिक ठरते. म्हणून ‘मिळाली की नाही’ याचा काथ्याकूट करत बसू नये.

दुसऱ्या जिवंत माणसाच्या नावे दंडमाफी मिळवता येत नाही. स्वतःसाठी किंवा मृतासाठी, बस. मृतावर चर्चचा अधिकार चालत नाही, त्यामुळे मृतासाठी ती विनवणी म्हणून देवापुढे ठेवली जाते. ‘आज एक आत्मा सोडवला’ असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तो नियमाबाहेर बोलतोय.

मिस्सा: ती कोणासाठीही अर्पण करता येते, जिवंत वा मृत, कॅथलिक असो वा नसो (चर्चच्या कायद्याचं कॅनन, म्हणजे कलम, ९०१). दक्षिणा ही मिस्साची किंमत नव्हे. गरजूंनी मागितलेली मिस्सा दक्षिणेविनाही अर्पण करावी अशी कॅनन ९४५ ची फादरांना शिफारस आहे. आणि तुम्ही एका हेतूसाठी दक्षिणा दिलीत की त्या हेतूची मिस्सा स्वतंत्र व्हायला हवी (कॅनन ९४८); देणाऱ्यांना न विचारता दहा जणांचे हेतू एका मिस्सात कोंबायचे नसतात. यादी वाचली जाताना आपलं नाव ऐकू आलं नाही म्हणून घाबरू नका, नाव मोठ्याने उच्चारणं आवश्यक नाही. फादरांनी हेतू धरलेला पुरतो.

ग्रेगोरियन मिस्सा म्हणजे एकाच मृतासाठी सलग ३० दिवस ३० मिस्सा. पोप पहिले ग्रेगरी यांनी सांगितलेल्या प्रसंगावरून हे आलं: युस्तुस नावाच्या संन्याशाने मठाच्या नियमाविरुद्ध तीन सोन्याची नाणी लपवली होती, तो गेल्यावर ग्रेगरी यांनी त्याच्यासाठी ३० दिवस रोज मिस्सा करवली. ३० हा आकडा जादूचा नाही, म्हणून अटीही तशाच आहेत. फादर बदलले तरी चालतात, वेदी बदलली तरी चालते, दिवस मात्र सलग हवेत. जिवंतांसाठी होत नाही, दोन मृतांसाठी मिळून होत नाही. फादर मध्येच आजारी पडल्यासारखा अनपेक्षित खंड आला तर पुन्हा पहिल्यापासून नाही, राहिलेल्या लवकरात लवकर पुऱ्या करायच्या. आपल्या चर्चमध्ये रोज दुसऱ्यांचे हेतू आधीच लागलेले असतात, त्यामुळे सलग ३० दिवस तिथे सहसा मिळत नाहीत. मठात किंवा धर्मसंघाकडे विचारा.

पानवाचक

तराजू काढला डोक्यातून. आता तीन उपप्रश्न, मग गप्प बसतो. बाप्तिस्मा न झालेलं बाळ गेलं तर? आत्महत्या केलेल्याचं काय, तो थेट नरकात का? आणि देह पुन्हा उठणार असेल तर दहन कसं चालतं?

दीपमाळ

बाळ: ‘लिम्बो’, म्हणजे अशा बाळांसाठी देवदर्शनाविनाची वेगळी अवस्था, ही धर्मपंडितांची उपपत्ती होती, धर्मसिद्धान्त कधीच नव्हता. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं मांडलं. ‘आशा’ हा शब्द मोजून वापरलाय. खात्री म्हटलेलं नाही. आईबापांना बाप्तिस्मा द्यायचा होता अशा बाळाचा अंत्यविधी बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये होतो.

आत्महत्या: कृत्य गंभीरच. पण वरच्या तीन अटी आठवा. तीव्र मानसिक त्रास, वेदनांची भीती यांनी जबाबदारी कमी होते असं कॅटेकिझम (चर्चचा अधिकृत शिकवणग्रंथ) स्वतः सांगतो (२२८२), आणि पुढच्याच परिच्छेदात म्हणतो की फक्त देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. चर्चच्या १९१७ च्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला अंत्यविधी नाकारला जाई. १९८३ च्या कायद्यातून ते कारण गेलं. अमुक माणूस नरकात आहे असं चर्चने आजवर कोणाच्याही बाबतीत जाहीर केलेलं नाही. संत मात्र हजारोंनी जाहीर केलेत.

शाईचा_डाग

दहन: १९६३ पासून चालतं. अट एवढीच की ख्रिस्ती श्रद्धा नाकारण्यासाठी ते निवडलेलं नसावं. दफनाची शिफारस आजही कायम. पुनरुत्थान कणांच्या जुळणीवर अवलंबून नाही. समुद्रात बुडालेल्यांचं, राख झालेल्या हुतात्म्यांचं काय, हा प्रश्न आरंभीच्या शतकांतच विचारून झालाय. अस्थींबाबत मात्र नियम कडक आहेत. व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेनुसार त्या विखरायच्या नाहीत, नातेवाइकांत वाटायच्या नाहीत, दागिन्यात घालायच्या नाहीत, घरी ठेवायच्या नाहीत; दफनभूमी किंवा चर्चने ठरवलेल्या पवित्र जागी ठेवायच्या. डिसेंबर २०२३ मध्ये थोडी मोकळीक मिळाली: चर्चच्या अधिकाऱ्यांच्या संमतीने अगदी थोडा अंश मृताशी जोडलेल्या अर्थपूर्ण जागी ठेवता येऊ शकतो.

न विचारलेली एक गोष्ट, पण कामाची. मरणासन्न माणसासाठी फादरांना उशिरा बोलावतात, ‘तो घाबरेल’ म्हणून. क्रम असा असतो: पापनिवेदन, रुग्णाभिषेक (आजाऱ्याला पवित्र तेल लावणं), मग अखेरचं कम्युनियन. यातलं पहिलं आणि तिसरं तो शुद्धीवर असतानाच नीट घेता येतं. गेलेल्याला रुग्णाभिषेक देत नाहीत. मेला की नाही अशी शंका असेल तरच देतात. फादर पोचलेच नाहीत तर? ज्याला आयुष्यात काहीतरी प्रार्थना करण्याची सवय होती आणि मनाची तयारी आहे त्याला मरणघटकेची संपूर्ण दंडमाफी चर्च आपणहून देतं. तिथे पापनिवेदन, कम्युनियन वगैरे नेहमीच्या अटींची जागा ती आयुष्यभराची सवय घेते.

तिसरी_घंटा

माझ्या उत्तरात एक राहिलं. २ नोव्हेंबरची चर्चभेट १ तारखेच्या दुपारी बारापासून २ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत कधीही चालते. कामावर जाणाऱ्यांना १ ची संध्याकाळ सोयीची पडते. पण १ तारखेला दफनभूमीतही जाणार असाल तर चर्चभेट २ लाच ठेवा. दिवसाला एकच, हे तिथेही लागू आहे.